निळ्या दाव्याची शेंडी

आमच्या मामांना कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते सांगतात, "दावी विणतो." गोठा झाडणं, वासरांना बाटलीनं पाजणं, व्यायला झालेल्या गाईजवळ स्टूल टाकून बसणं, ही कामं ते मोजतच नाहीत. आणि ज्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, ते तर सांगतच नाहीत. ते काम म्हणजे प्रश्न विचारून समोरच्याचं डोकं खाणं. गाय उठताना आधी मागचं अंग उचलते आणि घोडा पुढचं, असं का? चीक पिवळा का? काही गाई डाव्या कुशीवरच का बसतात? मी यंत्रानं धारा काढत एका गाईकडून दुसरीकडे धावत असते, तेव्हा हे विचारतात. मी म्हणते, "मामा, आत्ता नको." ते मान हलवतात आणि यंत्र बंद झालं रे झालं की तोच प्रश्न, जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू करतात.

एकदा धारेच्या यंत्रात टिकटिक कशाची होते ते बघायला त्यांनी यंत्रच उघडलं. त्या दिवशी धारा तीन तास उशिरा झाल्या, गाई हंबरून हंबरून घसा बसवून बसल्या आणि मी जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत नुसती एक रबराची चकती आहे गं सूनबाई. मला वाटलं होतं बरंच काही असेल."

नात्यानं ते माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, माझ्या नवऱ्याचे मामा, म्हणून माझेही मामा. मला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली, ते माझ्या तीन वर्षं आधी आले. दोघंही बाहेरचे. फरक एवढाच की मला वाजतगाजत आणलं आणि मामा आपल्या पायांनी आले. त्यांचा स्वतःचा गोठा बसला होता, बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. सासूबाईंनी निरोप धाडला, "ये इकडे." मामा आले ते एक गाभण गाय आणि निळ्या सुताचं बोचकं घेऊन. माझ्या नवऱ्यानं, तेव्हा तो कोवळा पोर होता, दारातच विचारलं की मामा, किती दिवस राहणार? मामांचं उत्तर घरात अजून सांगतात. ते म्हणाले, "गाय आहे तोवर. मी तिच्याबरोबर आलोय."

ती गाय कधीच गेली, पण तिच्या लेकी, नाती आणि पणत्या गोठा भरून राहिल्या. चौतीस गाईंपैकी अकरा निळ्या. निळ्या म्हणजे अंगानं नव्हे, गळ्यातल्या दाव्यानं. मामांनी प्रत्येक घराण्याला एक रंग दिलेला आहे. हिरवं, पिवळं, लाल, तपकिरी आणि त्यांच्या गाईचं निळं. कालवड जन्मली की तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात आईच्या रंगाचं लहानसं सुती दावं पडतं. दाव्याच्या टोकाला वीतभर सूत न विणता मोकळं सोडतात. त्याला मामा शेंडी म्हणतात. कालवड वाढून दावं आवळायला लागलं की ते काढून भिंतीवरच्या तिच्या खिळ्याला टांगायचं आणि मोठं घालायचं. पुढे तिला लेक झाली की त्या लहान दाव्याच्या शेंडीतला एक पदर कापून घ्यायचा आणि लेकीच्या दाव्याचा पहिला वेढा त्याच्यावर घालायचा. म्हणजे प्रत्येक लेकीच्या गळ्यात आईच्या दाव्यातलं बोटभर सूत असतंच. जनावर गेलं तरी खिळ्यावरचं दावं जात नाही. आमच्या दूध ठेवायच्या खोलीची एक भिंत या दाव्यांनी भरलेली आहे आणि त्यांच्यावरची धूळ झटकायचं काम अर्थातच माझ्याकडे आहे.

निळ्या गाई दुधाला भारी. कासेला हात लावायचा अवकाश की चरवी भरली. म्हणून त्यांच्या कालवडी आम्ही कधी विकल्या नाहीत, बाकीच्यांच्या विकल्या. मामा हे कोणाला बोलून दाखवत नसत, पण जेवायला बसताना त्यांची पाठ ताठ असायची ती या अकरा गाईंमुळे, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. बाहेरून आलेल्याला बाहेरून आलेल्याचं चटकन कळतं.

त्या हिवाळ्यात पहिलं मलाच सापडलं. सकाळी शेण ओढताना नालीत काहीतरी अडकलं म्हणून वाकून बघितलं, तर वासरू. मांजराएवढं, अंगावर अजून केससुद्धा नाहीत, चारही खूर मात्र नीट कोरलेले. पाच महिन्यांची गाभण निळी त्याच्याच वर उभी होती आणि शांतपणे रवंथ करत होती. ताप नाही, चारा सोडला नाही, दूध कमी नाही. मला दुःख झालं, पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण आजारी जनावर मला ओळखता येतं आणि हिच्याकडे बघून काहीच ओळखता येत नव्हतं. मामा मागून येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हिला माहीत तरी आहे का, काय झालं ते?"

मग दोन महिन्यांत आणखी चार गाभडल्या. एकूण पाच, त्यात चार निळ्या आणि एक हिरवी. सगळ्या पाचव्या नाहीतर सहाव्या महिन्यात. नवऱ्यानं आधी मुरघासाला दोष दिला, मग थंडीला, मग रेतन करायला येणाऱ्या माणसाला, आणि तो माणूस बोलणं ऐकून चहा न घेता निघून गेला. निळ्याच जास्त का, असं मी विचारलं तर नवरा म्हणाला, "जास्त दूध देणारं जनावर नाजूकच असायचं." ते मला पटलं. पटण्यासारखंच होतं, आणि आम्ही सगळे तिथेच फसलो.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या चार रोगांसाठी रक्तं तपासली. काहीच निघालं नाही. मग पाचव्या वेळी पडलेलं वासरू त्यांनी बर्फाच्या पेटीत घालून मोठ्या तपासणीला पाठवलं, आणि दहा दिवसांनी गोठ्यात येऊन उलट्या बादलीवर बसून आम्हाला सांगितलं. या बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला सरळ, आणि मामांच्या प्रश्नांना न कंटाळणाऱ्या माझ्या माहितीतल्या एकमेव व्यक्ती.

"निओस्पोरा नावाचा परजीवी आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना दिसणार नाही एवढा. गाईच्या अंगात तो निजून असतो, तिला काही करत नाही. ती गाभण राहिली की जागा होतो आणि वासरात उतरतो. कधी वासरू असं मध्येच पडतं. पण बहुतेक वेळा पडत नाही, चांगलं धडधाकट जन्मतं आणि तोच परजीवी स्वतःच्या अंगात घेऊन वाढतं."

"आणि दूध?" सासूबाईंनी विचारलं.

"दूध खुशाल प्या. माणसाला याचं काही होत नाही."

मामा पुढे सरकले. "शेजारच्या गाईला लागतो?"

"नाही. एका गाईकडून दुसरीला लागत नाही. त्याला दोनच वाटा. एक आईकडून वासराला, पोटातच. दुसरी कुत्र्याकडून. कुत्र्यानं असं पडलेलं वासरू किंवा व्यायलेल्या गाईची वार खाल्ली की त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात. ती चाऱ्यात गेली आणि गाईनं खाल्ली की संपलं."

"औषध?"

"नाही."

"लस?"

"आपल्याला मिळेल अशी नाही."

मामांनी खूश व्हावं असं यात काही नव्हतं. तरी त्यांचे डोळे चमकत होते. इतका लहान, इतका धूर्त, आणि आपल्याच गोठ्यात इतकी वर्षं राहतोय. मला त्यांचा रागच आला. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते आणि यांना यात गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दूध ठेवायच्या खोलीत गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. मामांनी भिंतीवरची सगळी दावी उतरवून फरशीवर मांडली होती. वरती आई, खाली लेकी, त्यांच्या खाली नाती. रंगारंगाच्या पाच वेली फरशीवर पसरल्या होत्या आणि मधोमध मामा गुडघ्यावर बसले होते.

"सूनबाई, तुझी वही आण," ते म्हणाले. "आणि कपडे वाळत घालायचे चिमटे."

गाभण कधी, व्याली कधी, गाभडली कधी, हे आठ वर्षांपासून मी वहीत लिहिते. मी वाचत गेले, मामा त्या त्या गाईच्या दाव्याला चिमटा लावत गेले. आठ वर्षांत सोळा चिमटे लागले. एकेका वर्षी एक, कधी दोन, एका हिवाळ्यात चार, तेही थंडीवर ढकललेलं, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. चिमटे लावून झाले तेव्हा आम्ही दोघंही उभे राहिलो आणि वरून बघितलं. सोळापैकी अकरा चिमटे निळ्या वेलीवर होते. आई, लेक, नात, पुन्हा दुसरी लेक. वहीत मी तारखेनं लिहिलं होतं म्हणून मला हे कधी दिसलं नव्हतं. दाव्यांवर ते न दिसणं शक्यच नव्हतं.

"आईकडून लेकीला," मामा हळूच म्हणाले. आपली म्हणून, गुणाची म्हणून आम्ही निळ्यांची एकही कालवड बाहेर जाऊ दिली नव्हती. परजीवीसुद्धा आम्ही तेवढ्याच काळजीनं सांभाळला होता.

पण मामा तिथे थांबणारे नव्हेत. बाकीच्या पाच चिमट्यांपाशी ते पुन्हा खाली बसले. दोन हिरव्या, एक पिवळी, एक लाल. हिरव्यांपैकी एकीला दोन चिमटे, दुसरा याच हिवाळ्यातला. "यांच्यात आई-लेक एकही नाही," ते म्हणाले. "मग यांना कुठून आलं? बघ की, तारखा बघ."

मी बघितल्या. हिरवीची दुसरी खेप सोडली तर चौघी एकाच हिवाळ्यात गाभडल्या होत्या, तीन वर्षांपूर्वी. आणि चौघी उभ्या असायच्या शेवटच्या चार गव्हाणींना, जिथे त्या वर्षी पेंड आणि भुसा उघड्यावरच रचलेला असायचा, कारण चारा-खोलीला तेव्हाही दार नव्हतं. मी हे मोठ्यानं म्हणाले आणि वर बघितलं, तर मामांचा चेहरा उतरलेला. त्यांनी दावी गोळा करायला सुरुवात केली. बोटभरही गुंता न करता सगळी परत खिळ्यांवर लावली. चिमटे तसेच ठेवले.

त्यानंतर दोन दिवस मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी धारा काढताना मुद्दाम त्यांच्या बाजूनं गेले, यंत्र बंद करून उभी राहिले, तरी नाही. एकोणीस वर्षं ज्या शांततेसाठी मी तरसत होते ती मिळाली आणि मला ती अर्धा दिवससुद्धा सोसवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळे होतो. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. मामांनी कप खाली ठेवला.

"जमादार ज्या हिवाळ्यात पिल्लू होता, त्याच हिवाळ्यात त्या चौघी गाभडल्या," ते म्हणाले. जमादार म्हणजे गोठ्याचा कुत्रा. हा तिसरा जमादार, आधीच्या दोघांचंही नाव तेच होतं. "भुशाच्या ढिगावर झोपायचा. ऊब असते तिथे."

"मग?" नवरा म्हणाला.

"गाय व्याली की वार मी त्याला घालायचो. पहिल्या जमादारापासून. आमच्याकडे पुरायची रीत होती, पण इथे अंगण सगळं दगडी, आणि मला वाटायचं कुत्र्यानं वार खाल्ली की त्याला गाईंची माया लागते, रात्री गोठा सोडून जात नाही. आणि जातही नव्हता. त्याचा पगार म्हणायचो मी." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "पहिल्यांदा खातो तेव्हाच सर्वांत जास्त अंडी टाकत असेल, नाही का?"

"हो, मामा," त्या म्हणाल्या. "पिल्लू असताना, पहिल्यांदाच."

नवऱ्याचा पारा चढला. तो स्वभावानं वाईट नाही, पण पाच वासरं गेली होती आणि इतके दिवस राग काढायला त्याला माणूस सापडत नव्हता. "म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच," तो म्हणाला. "गाय तुमची, कुत्रा तुमचा."

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं तेव्हा तो गप्प झाला, पण बोललेलं परत घेता येत नाही. मामांनी नुसतं म्हटलं, "हो." कप उचलून धुऊन ठेवला आणि गोठ्यात गेले.

पुढचं डॉक्टरीणबाईंनीच ठरवून दिलं. कुत्र्याला हाकलून काही होणार नाही, त्यानं जे टाकायचं ते तीन वर्षांपूर्वीच टाकलं. हाकललंत तर उद्या दुसरा येईल. चारा-खोलीला दार लावा, कुलूप घाला. वार आणि पडलेलं वासरू खोल पुरा. आणि निळ्या गाईंची रक्तं तपासून ज्या बाधित निघतील त्यांचं दूध काढा, पण त्यांच्या लेकी पुढे वाढवू नका. अकराच्या अकरा बाधित निघाल्या.

"एकही लेक नाही?" मामांनी विचारलं.

"एखादं वासरू सुटतं," त्या म्हणाल्या. "जन्मल्या जन्मल्या, चीक पाजायच्या आधी त्याचं रक्त घेतलं तर नक्की कळतं. एकदा चीक पोटात गेला की आईच्या रक्तातलं सगळं वासरात येतं, मग तपासणीला काही अर्थ राहत नाही."

भरत आलेली एकच निळी होती, सर्वांत गुणाची, मोठ्या कपाळाची. तिला तीन आठवडे होते. मामांनी तिच्यापाशी स्टूल टाकलं ते उचललंच नाही. एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले, तर म्हणाले, "हिला लेक झाली आणि ती चोखी निघाली, तर निळं राहिलं."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी कशाबरोबर आलो होतो, सूनबाई?"

त्यांच्या खाटेखाली बावीस वर्षांपूर्वीचं ते बोचकं पुन्हा बांधून ठेवलेलं मी बघितलं होतं. चहा निवतोय, एवढं म्हणून मी निघून आले.

ती व्याली ते भर दुपारी. मी फोन केला तेव्हा वासराचे पाय दिसत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निघतेच. वासरू बाहेर आलं, कालवड, काळी-पांढरी, कपाळ आईचं. मामांनी पोत्यानं पुसून काढली आणि आईपासून दूर, अडसराच्या अलीकडे आणली. मी चीक काढून बाटली भरली आणि गरम पाण्याच्या बादलीत ठेवली. तेवढ्यात फोन आला. वाटेत दुसऱ्या एका गोठ्यात गाय अडली होती, सोडून येता येत नव्हतं.

पाऊण तासानं कालवड उभी राहिली. पडली, पुन्हा उभी राहिली आणि दूध शोधायला लागली. मामांच्या सदऱ्याला चोखलं, माझ्या पदराला चोखलं, अडसराच्या लोखंडाला चोखलं. पलीकडून आई ओरडत होती. तोवर नवरा कुदळ घेऊन आला आणि कुंपणामागे खड्डा खणू लागला. वार त्यानं स्वतः उचलून नेली. जमादार त्याच्या मागे-मागे गेला आणि खड्ड्यापाशी बसून केविलवाणा कुंई-कुंई करत राहिला. इतक्या वर्षांचा पगार अचानक बंद झाला होता आणि त्याला कोणी कारण सांगत नव्हतं.

दीड तास झाला. आता कालवड हंबरायला लागली. तो बारीक आवाज ऐकवत नाही. ज्या माणसानं आयुष्यात एका वासराला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं नव्हतं, व्यायच्या आधी बाटली धुऊन तयार ठेवायचा, तो तिला मांडीत धरून बसला होता. तिनं तोंड उघडलं की आपलं कोरडं बोट तिच्या तोंडात द्यायचा. ती जीव खाऊन ओढायची, काही येत नाही म्हणून सोडायची आणि पुन्हा हंबरायची.

सासूबाई बाहेर आल्या. "दे रे तिला," त्या म्हणाल्या. "काय व्हायचं ते होईल."

"नाही, ताई."

"पोर उपाशी आहे."

"माहीत आहे मला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "पाजलं तर बरं वाटेल. पण मग कळणार नाही."

त्या क्षणी मला लाज वाटली. मामांना गंमत वाटते म्हणून ते विचारत सुटतात, असं मी एकोणीस वर्षं धरून चालले होते. उत्तराची किंमत काय असते ते त्यांना ठाऊक होतं, ती आज ते पहिल्यांदा माझ्यासमोर मोजत होते.

सव्वादोन तासांनी गाडी आली. डॉक्टरीणबाईंनी हातसुद्धा आधी न धुता विचारलं, "काही पोटात?" मामा म्हणाले, "माझं बोट." मानेतून रक्ताची एक नळी भरली आणि दुसऱ्याच क्षणी बाटली तिच्या तोंडात होती. तिनं ती एका दमात संपवली.

तिसऱ्या दिवशी दावं पडायला हवं होतं. मामांनी विणलं नाही. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. फोनवर सांगता आलं असतं. त्या आल्या यावरूनच मी समजले.

"बाधित आहे, मामा," त्या म्हणाल्या. "ती चांगली जगेल. दूधही आईसारखं देईल. ठेवायची तर ठेवा. फक्त तिच्या लेकी नाही."

मामांनी कागद घेतला आणि समजत नव्हतं तरी ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "एक सांगा. माझ्या पहिल्या गाईच्या अंगात हे आधीच होतं, का ती इथे आल्यावर पहिल्या जमादारानं तिला दिलं?"

"ते आता कळणार नाही. तिचं रक्त कुठे ठेवलंय?"

"म्हणजे एकतर मी ते आणलं, नाहीतर मी ते घातलं." ते मान हलवत राहिले. "तिसरं काही नाही."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा भांडल्यासारखं बोलतात. "आणि शोधलं कोणी?" त्या म्हणाल्या. "आठ वर्षं वही हिच्याकडे होती, गोठा त्याच्याकडे होता, घर माझ्याकडे. शोधलं कोणी ते सांग."

मामा आत गेले आणि खाटेखालचं बोचकं बाहेर काढलं. हे आता निघाले, असं मला वाटलं. पण त्यांनी गाठ सोडून निळ्या सुताचा गुंडा घेतला, भिंतीवरून मोठ्या कपाळाच्या निळीचं लहानपणचं दावं उतरवलं, त्याच्या शेंडीतला पदर कापला आणि पायरीवर विणायला बसले. दुपारपर्यंत दावं झालं. नेहमीसारखंच घट्ट, सरळ, टोकाला वीतभर मोकळी शेंडी. ते कालवडीच्या गळ्यात घातलं, दोन बोटं आत जातात का बघितलं. मग कात्री घेतली आणि शेंडी मुळापासून कापून टाकली. राहिलेलं टोक दोनदा गाठ मारून बंद केलं.

कापलेलं सूत पायरीवर पडलं होतं. मामा त्याच्याकडे बघत बसले. नवरासुद्धा तिथेच मान खाली घालून उभा होता. सासूबाई आल्या, वाकून सूत उचललं आणि कमरेची किल्ल्यांची जुडी काढली. चारा-खोलीच्या नव्या दाराची, नव्या कुलपाची किल्ली त्यातून सोडवली. निळ्या सुतात ती ओवली, दातांनी गाठ आवळली आणि भावाच्या गळ्यात घातली.

"गाय आहे तोवर म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. "आता कुलूप आहे तोवर. आणि त्या कुत्र्याला आत सोडलंस तर बघ."